माग थांबला नाही

नागपूर,
१० मार्च १९५७

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
केशवचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून वहिनी रागावल्या असतील. रागवा, पण आधी बातमी ऐका. आपल्या मिलच्या इथल्या मोठ्या हापिसात हिशेबाचं यंत्र आलं आहे, आणि ते चालवायला जी माणसं निवडली त्यांत मी आहे. राजधानी मुंबईला गेल्यापासून सारं नागपूर सुतक धरून बसलंय, आमच्या खोलीत मात्र दिवाळी चालू आहे.

दादा, आता तुमच्या विणखात्यात फिटर येतील आणि प्रत्येक मागाला एक डबी बसवतील. धोटा इकडून तिकडे गेला की डबीतला आकडा पुढे सरकेल. डबीला तार, आणि साऱ्या तारा मिलमधल्या एकाच खोलीत. कोणता माग किती चालला, कधी थांबला, ते पाळी संपल्यावर तिथे कार्डांवर भोकं पाडून लिहितील. कार्डांची ट्रंक संध्याकाळच्या गाडीनं आमच्याकडे. इथलं यंत्र ती भोकं वाचतं आणि सकाळी भलामोठा तक्ता छापून देतं. आधी कामगाराचं नाव, मग त्याचे माग, मग त्यांची सारी चाल. कोणता माग कोणाच्या नावावर, ती नावाची कार्डं माझ्या ताब्यात आहेत. दादांचं कार्ड मी सगळ्यांत आधी पाडलं.

म्हणजे पाहा, खुर्चीत बसल्या बसल्या मी रोज दादांना भेटणार. दादा, पाळी बुडवून वेणा नदीवर मासे धरायला गेलात तर वहिनींच्या आधी मला कळेल.

तुमचा,
केशव

*

हिंगणघाट,
२ मे १९५७

चि. केशव यास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र त्याईले दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याईनं शेजारच्या डोमाजीले बोलावून आनलं अन वाचाले लावलं. नाव बापाचं नाई काढलं तं भावाचं काढलं पोट्ट्यानं, असं म्हनत होते.

डब्या बसल्या. पह्यले दिवशी खात्याची मुकादमी करनाऱ्या अण्णाजी जॉबरनं नारळ फोडला, लोकाईनं डबीले हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव पडलं चुगलीबाई. आता खात्यात कोनी हातपाय धुवाले निघालं तरी बाकीचे म्हनते, चुगलीबाईले सांगून जा रे बाप्पा.

एक विचारू का? तुह्या यंत्राले माग दिसते का मानूस दिसते? मी अडानी म्हनून हसू नको. अजून एक गोष्ट लिहाची होती, पन हे म्हनते केशवले लिहू नको, त्याची नोकरी नवी हाय, त्याच्याच गळ्याशी येईन. म्हनून नाई लिहत.

त्याईच्या छातीत हिवाळ्यापासून घरघर हाय. उन्हाळ्यात जाईन म्हनलं तं गेली नाई. तू एकडाव ये अन त्याईले सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन जा. मी सांगतलं की म्हनते, कापसात जलमलो, कापूस काय करते मले. तुह्यं आयकतीन. आमाले पोर ना बाळ, जे काय हाय ते तूच.

तुही वहिनी,
कुंता

*

नागपूर,
१९ मे १९५७

ती. सौ. वहिनीस,
केशवचा नमस्कार.

तुमचा प्रश्न मी आमच्या साहेबांना सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, माग चालू आहे म्हणजे माणूस उभा आहे, माग बंद म्हणजे माणूस नाही, दोन्ही एकच. वहिनी, तुम्ही बी. एस्सी.ला असता तर मला मागे टाकलं असतं.

न लिहिलेली गोष्टही मी ओळखली. दादांनी पुन्हा विडी धरली ना? त्यांना म्हणावं, केशवला सारं कळतं. विडी सोडली की घरघर जाईल.

आता माझं ऐका. विणखात्याच्या तक्त्यात दादांचं नाव वरच्या ओळींत असतं. सोमवारी लोक रविवारच्या आळसात असतात, माग रखडतात, पण दादांचे दोन्ही माग सोमवारीही तेवढेच पळतात. छातीत दुखणं असलेला माणूस असं काम करतो होय? तुम्ही माया करता म्हणून तुम्हाला घरघर जास्त ऐकू येते. सध्या सुट्टी मागणं बरं दिसणार नाही. पावसाळ्यात नक्की येतो.

तुमचा,
केशव

*

हिंगणघाट,
२८ जुलै १९५७

चि. केशव यास,
वहिनीचे आशीर्वाद.

पावसाळा आला, तू नाई आला.

विडी त्याईनं कधीच सोडली. घरघर विडीची नाई. रविवारी घरी बसले की जराक मोकळे होते, सोमवारी खात्यात गेले की छाती अशी दाबते जशी कोनी गाठोडं ठेवलं वरतून. घरी येते तं भितीले हात लावत लावत येते. मी पानी दिलं तं लोटा धरून बसून राह्यते, प्याले दम पुरत नाई. साऱ्या खात्याले दिसते. बाजूच्या मागावरचे डोमाजी, रामाजी लय जपते त्याईले, लय म्हनजे लय. एका मायचे असते तरी एवढं केलं नसतं. याच्या वर मी लिहू शकत नाई, मले शपथ घातली हाय.

तू तक्ता पाहून राह्यला, मी मानूस पाहून राह्यली. तुले वाटत असन वहिनी उगाच कायजी करते. कर तसं समज. पन ये. डागतर काय म्हनन ते म्हनन, मंग मी तुले बोलावनार नाई.

तुही वहिनी,
कुंता

*

नागपूर,
१७ ऑगस्ट १९५७

ती. सौ. वहिनीस,
केशवचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण खरं सांगतो, रोज सकाळी तक्ता आला की मी आधी दादांची ओळ शोधतो आणि मनातली भीती जाते. या आठवड्यात तर ते साऱ्या खात्यात पहिले आहेत. साहेबांनी ओळीखाली लाल रेघ मारून विचारलं, हा कोण? मी म्हणालो, माझा भाऊ. काय वाटलं ते कसं सांगू!

पोळ्याची सुट्टी पक्की झाली आहे. आलो की दुसऱ्याच दिवशी दादांना सेवाग्रामला नेतो, हवं तर पाठीवर घेऊन. तोवर हापिसातल्या एका गृहस्थाबरोबर काढ्याची बाटली पाठवतो आहे. पुरणपोळी करून ठेवा. दादांना सांगा, पोळ्याला बैल नाही तर नाही, आपले माग तर आहेत पळायला.

तुमचा,
केशव

*

हिंगणघाट,
१५ सप्टेंबर १९५७

चि. केशव यास,
आशीर्वाद.

तू तेरावं करून गेला. तवा घरात मिलचे लोक येऊन जाऊन होते, म्हनून तोंड उघडलं नाई. आता लिहते. त्याईनं घातलेली शपथ त्याईच्यासंगच गेली.

तुह्यं ते पत्र मंगळवारी आलं. सोमवारी हे गेले, मंगळवारी माह्या चुड्या फोडल्या, अन त्याच्यानंतर पोस्टमन आला. पोळ्याचं वाचलं अन ठेवून देलं.

काल मिलचा कागद आला. त्याच्यात लिहून हाय का पुंडलिक यानं पाळी पूर्ण केली, तो आपल्या पायानं बाहेर गेला, अन फाटकाबाहेरच्या पारावर पडलेला सापडला. मिलचा काई संबंध नाई. दाखला म्हनून तुमच्या यंत्राचा तक्ता जोडला, दोन्ही माग भोंगा होईस्तोवर चालू. लोकाईनं लगेच अर्थ लावला. दारूबंदीच्या जिल्ह्यात संध्याकाळी पारावर पडून कोन सापडते? नळावर दोघी जनी बोलत होत्या, मले पाहून चूप झाल्या. ज्या मानसानं जलमात थेंब घेतला नाई, त्याच्या नावावर हे.

आता आयक खरं काय झालं. आपल्या खात्याची जुनी रीत हाय. मानूस बसला तरी त्याचा माग बसू द्याचा नाई. आजारी असो, कोनाच्या घरी मयत असो, शेजारच्यानं त्याचे माग आपल्या मागासंग चालवाचे. उद्या त्याची पाळी आली का यानं चालवाचे. हे बी चालवत आले आजवर. अण्णाजीले ठावं हाय, तो तिकडे पाठ करते. हिवाळ्यापासून सोमवार आला का हे भितीजवळ रुईच्या ढिगावर बसत, अन त्याईचे माग डोमाजी रामाजी चालवत. तुले पहिला नंबर दिसे तो त्या दोघाईचा होता. हेच मी लिहनार होती, अन तू म्हनला विडी.

त्या सोमवारी हे बसले ते आडवे झाले. डोमाजीले वाटलं, दर सोमवारसारखं हाय, जरा पडू द्या. माग थांबवला तं डबी सांगन, म्हनून दोघं पळून पळून त्याईचे माग हाकत राह्यले. भोंगा झाल्यावर उठवाले गेले. डागतरकडे न्याले दोघाईनं उचललं, फाटकाबाहेर पारावर टेकवलं, तवा समजलं का काई उरलं नाई.

मले दुसरं काई नको. कागदातली ती पारावरची वळ खोडली पायजे. हे खात्यात गेले, पारावर नाई.

वहिनी

*

नागपूर,
२२ सप्टेंबर १९५७

ती. सौ. वहिनीस,
केशवचा नमस्कार.

तो तक्ता खरा आहे असं लिहून सही करणारा मीच आहे.

तेरावं करून परतलो त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून विचारलं, त्या दिवशी यंत्रात काही बिघाड होता का. मी कार्डं काढली, पुन्हा यंत्रातून घातली, आकडे तेच आले. लिहून दिलं की चूक नाही, दोन्ही माग पाळी संपेपर्यंत चालू होते. वहिनी, मला वाटलं होतं मी दादांचा मान लिहितोय. माझा भाऊ शेवटच्या दिवशीही उभा राहून काम करून गेला, असं मनात म्हणत मी सही केली. घरी येऊन रडलो, पण अभिमानानं रडलो.

आता काय करू ते सांगा. खरं लिहिलं तर दुसऱ्याचे माग चालवले म्हणून डोमाजी आणि रामाजी त्याच दिवशी बाहेर जातील. नाही लिहिलं तर दादा पारावर पडून राहतील. मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल ते करतो.

दादांचे माग दुसऱ्या कोणाला दिले आहेत. त्याचं नाव आलं आहे, ते माझ्या टेबलावर पडून आहे. दादांचं कार्ड मी बदललं नाही. रोज सकाळी तक्त्यात त्यांचं नाव येतं. पूर्वीसारखं पहिलं नाही, पण येतं. कोणी विचारलं नाही अजून.

तुमचा,
केशव

*

हिंगणघाट,
६ ऑक्टोबर १९५७

चि. केशव यास,
आशीर्वाद.

मी काय सांगू? डोमाजीच्या घरी खानारी तोंडं हाय. मी तं चूप राहाचं ठरवलं होतं. तुह्यं पत्र बी कोनाले वाचून दाखवलं नाई.

पन डोमाजीची बायको कौशल्याबाई आली दळन घेऊन. नळावरची गोष्ट तिच्या कानावर गेलती. तिनं माह्याकडून सारं काढून घेतलं अन घरी जाऊन नवऱ्याले म्हनलं, आज पुंडलिकभाऊले पारावर टाकलं, उद्या तुमाले टाकतीन, मंग मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? दुसऱ्या दिवशी डोमाजी अन रामाजी दोघंही मॅनेजरपुढे उभे राह्यले अन सारं सांगून मोकळे झाले. मॅनेजर म्हनते, यंत्र खोटं बोलते का तुमी?

आता तू लिहून दे. त्याईनं उडी मारली, तू काठावर उभा राहू नको.

वहिनी

*

नागपूर,
१४ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. वहिनीस,
केशवचा नमस्कार.

लिहून दिलं. यंत्र मागाच्या फेऱ्या मोजतं, माग कोणी चालवला ते त्याला दिसत नाही. त्यामुळे पुंडलिक पाळीभर उभा होता असं या तक्त्यावरून म्हणता येत नाही आणि माझी आधीची सही त्या अर्थानं धरू नये. एवढंच. तुम्ही मे महिन्यात जे विचारलं होतं तेच मी ऑक्टोबरात इंग्रजीत लिहिलं.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, यावर विश्वास ठेवला तर यंत्र आणलं कशाला? नोव्हेंबर संपला की मला टपालाच्या टेबलावर बसायचं आहे. त्याचं मला काही नाही. हिंगणघाटला काय झालं ते कळवा.

तुमचा,
केशव

*

हिंगणघाट,
२० नोव्हेंबर १९५७

चि. केशव यास,
वहिनीचे आशीर्वाद.

वळ खोडली. नवा कागद आला. पुंडलिक यास विणखात्यात मृत्यू आला, असं साफ लिहून हाय. मी देवापाशी ठेवला अन नळावर गेली तं मान वर करून गेली.

त्याच दिवशी डोमाजी अन रामाजीची नावं फाटकावर लागली, कामावरून कमी केलं म्हनून. मी डोमाजीच्या घरी गेली. पाया पडाले वाकली तं त्यानं हात धरले, म्हने, वहिनी, तुमी कायले? मीच जर त्या दिवशी माग सोडून त्याले उठवाले गेलो असतो तं. कौशल्याबाईनं चहा केला.

खात्यातली रीत मोडली रे. आता कोनी कोनाच्या मागाले हात लावत नाई. शेजारी मानूस खाली बसला तं बाजूचा पाह्यते अन मान फिरवते. अण्णाजी सांगत होता अन डोये पुसत होता. मले एक वळ पायजे होती, ती भेटली, अन त्याच्या बदल्यात एवढं गेलं. तवा ठावं असतं तं मागतली असती का? खरं सांगू का, मागतलीच असती. पन झोप लागत नाई.

मिलच्या चाळीतली खोली सोडाची हाय. माह्या भावाचा, बापूरावचा, सेलूले भाजीचा मळा हाय. तिथी वांगे मिरच्या तोडन अन राहीन. पुढचं पत्र सेलूच्या पत्त्यावर टाकजो.

आता एक आखरी सांगते, रागावू नको. तू अजून मले सौ. लिहतं. पह्यले वाटलं चुकून पडलं हातानं. मंग दरवेळी तेच. पोस्टमन बिचारा पाकीट उलटं करून देते. माह्या लक्षात आलं तू काऊन करतं ते. यंत्रात त्याईचं नाव चालू ठेवलं, पाकिटावर माह्यं कुंकू चालू ठेवलं. डोमाजीनं बी मायेपोटीच केलतं. पडलेल्या मानसाचे माग चालू ठेवले, अन त्याच्याकडे पाहाले उशीर झाला. आता तू नको करू. टपालाच्या टेबलावर जाच्या आधी त्याईचं नाव तुह्या हातानं काढ. दुसऱ्यानं काढलं तं मले बरं नाई वाटनार.

तुही वहिनी,
कुंता

*

नागपूर,
२६ नोव्हेंबर १९५७

ती. गं. भा. वहिनीस,
केशवचा साष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी दादांचं कार्ड काढलं. माझ्या पाकिटात ठेवलं आहे, सेलूला येईन तेव्हा देईन. त्यांच्या मागांवरच्या नव्या माणसाचं नाव दौलत आहे. त्याचं कार्ड पाडून जागेवर घातलं. दादांचं नाव गेलं तरी यंत्र तेवढ्याच वेगानं चाललं, मीच थोडा वेळ खुर्चीत बसून राहिलो.

आज सकाळी कालच्या सोमवारचा तक्ता आला. दौलतच्या नावापुढे दोन्ही माग सकाळी चालू दिसतात, मग बंद, मग थोडे चालू, आणि दुपारपासून भोंगा होईपर्यंत बंद. शेजारच्या कोणीही ते चालवले नाहीत. साहेबांनी ओळीखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं आहे: आळशी, ताकीद द्यावी.

ताकिदीचा कागद माझ्याच टेबलावरून जायचा आहे. मी तो अडवून ठेवला आहे, पण शनिवारी माझी या खोलीतली बसायची जागा जाईल. वहिनी, सेलूला निघण्याआधी एकदा अण्णाजींकडे जा. हा दौलत कोण, त्याला छातीत घरघर आहे का, सोमवारी जास्त होते का, एवढं विचारा. असेल तर त्याच्या घरच्यांना सांगा, मी रविवारी हिंगणघाटला येतो आणि त्याला सेवाग्रामला नेतो. पाठीवर न्यावं लागलं तरी नेतो.

तुमचा,
केशव